बावीस मिनिटं

शेली लेव्हीनचा आवाज मला आधी ऐकू येतो, चेहरा नंतर दिसतो. रिसीव्हर कानाशी घट्ट धरलेला, खांदे पुढे झुकलेले, आणि दवाखान्यातल्या आपल्या मुलीची चौकशी करताना शब्दांच्या कडा पार झिजून गेलेल्या. गिऱ्हाइकाला फोन लावायची वेळ आली की हाच माणूस घसा खाकरतो, पाठ ताठ करतो, समोर कुणी नसताना हसतो, आपण या शहरात फक्त एका रात्रीपुरते आलो आहोत असं भासवतो आणि मध्येच रिसीव्हर जरा दूर धरून ग्रेस नावाच्या सेक्रेटरीला काहीतरी फर्मावतो. ग्रेस कुठेच नाही. पण त्या नसलेल्या बाईशी बोलताना त्याच्या आवाजात अशी काही ऊब येते, कामं सांगायची सवय असलेल्या माणसाचा असा काही सैलपणा येतो, की वाटतं, कधीकाळी याचं खरंच एक ऑफिस असेल, खिडकीवर पडदे असतील, बाहेरच्या टेबलाशी कुणी बाई असेल आणि ती याचे निरोप टिपून घेत असेल. मग फोन ठेवला जातो.

चेहरा पुन्हा म्हातारा होतो.

‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’ हा जेम्स फोली यांचा चित्रपट १९९२ सालचा. डेव्हिड मॅमेट यांचं त्याच नावाचं नाटक त्याआधी १९८३ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पहिल्यांदा झालं आणि दुसऱ्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. मॅमेट तरुणपणी शिकागोत जमिनी विकणाऱ्या एका ऑफिसात कामाला होते, आणि हे कुणी सांगितलं नसतं तरी कानांना कळलं असतं. अर्धं वाक्य टाकायचं, समोरच्याचं अर्धं उचलायचं, शिवी देऊन दम घ्यायचा, पुन्हा तेच वाक्य पहिल्यापासून सुरू करायचं, ही बोली पुस्तकातून येत नाही. गोष्ट म्हणाल तर एवढीशी. दूरदेशच्या फुटकळ जमिनी गळ्यात मारणारे चार सेल्समन, त्यांतला एक लेव्हीन, मिच आणि मरे नावाचे दोन मालक, जे एकदाही पडद्यावर येत नाहीत, विल्यमसन नावाचा एक थंड डोळ्यांचा मॅनेजर, एक पावसाळी रात्र आणि तिची सकाळ. रात्री ऑफिस फुटतं. चांगल्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते असलेली कार्डं, ज्यांना त्या धंद्यात ‘लीड’ म्हणतात, चोरीला जातात.

ती रात्र हुआन रुइझ अंचिया या छायालेखकाने अशी काही रंगवली आहे की ऑफिसच्या धंद्याची गोष्ट आपण बघतो आहोत हे विसरायला होतं. चायनीज रेस्टॉरंटमधला दाट लाल, टेलिफोनच्या खोपटातला निळा, डबक्यांत थरथरणारा हिरवा, आणि सगळ्यावरून अधूनमधून धडधडत जाणारी रेल्वे. मागे सॅक्सोफोन. कुणीतरी अंधारात एकट्याने शीळ घालावी आणि ती आपल्यासाठी नाही हे माहीत असूनही आपण थांबावं, तसा तो वाजत राहतो. उजाडलं की हे रंग धुऊन गेलेले असतात. ऑफिस करडं, खिडकीतला प्रकाश करडा, माणसांच्या तोंडावर रात्रीचा एकही थेंब उरलेला नाही. रात्री जे गूढ आणि थोडं सुंदरही वाटत होतं, ते सकाळी नुसतंच फाटकं दिसतं.

लेव्हीन झाले आहेत जॅक लेमन. त्यांच्याशी आपली ओळख हसण्यातून झालेली. १९६०च्या ‘द अपार्टमेंट’मध्ये न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीत, न संपणाऱ्या टेबलांच्या रांगांमध्ये बसलेला तो सर्दी झालेला कारकून, वरिष्ठांना आपल्या घराची किल्ली उसनी देणारा, स्वतःच्याच दाराबाहेर थंडीत ताटकळणारा. किती हसलो होतो त्याला! त्या चेहऱ्यात एक गंमत होती, कुणालाही नाही म्हणता न येणाऱ्या माणसाची गंमत. बत्तीस वर्षांनी तोच चेहरा, पासष्टी ओलांडलेला, पुन्हा एका ऑफिसात बसलेला दिसतो तेव्हा माझ्या मनात हे दोन चित्रपट एकमेकांत मिसळून जातात. वाटतं, तो कारकून पुढे नोकरी बदलून जमिनी विकायला लागला असावा. काही वर्षं चलतीही झाली असावी. इथे त्याला ‘मशीन’ म्हणायचे ते उगाच नाही. आणि मग हळूहळू, कुठल्याही एका दिवसावर बोट ठेवता येणार नाही अशा बेताने, ते यंत्र थंडावत गेलं असावं. या भूमिकेसाठी व्हेनिसच्या महोत्सवात लेमनना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. म्हणतात, ज्या दिवशी काम नसे त्या दिवशीही यातले नट सेटवर येऊन एकमेकांची कामं बघत बसायचे. पटतं. मीही तिथेच बसले असते, एखाद्या खोक्यावर, फक्त लेमनच्या आवाजाचा चढउतार ऐकत.

कारण हा चढउतार माझ्या ओळखीचा आहे.

आमचा नानामामा औषध कंपनीत एमआर होता. सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर, सांगली अशी त्याची फिरती, आणि कऱ्हाडला आला की मुक्काम आमच्याकडे. एप्रिलच्या उन्हातही गळ्यात टाय. हातात ती जाड काळी बॅग, जिच्यातून सॅम्पलच्या गोळ्यांचा, गुळगुळीत कागदाचा आणि एसटीच्या धुळीचा मिळून एक वास यायचा. दवाखान्यात शेवटचा पेशंट उठेपर्यंत बाकावर बसून राहायचं आणि मग डॉक्टर हात धूत असताना, घड्याळ बघत असताना, दोन मिनिटांत सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं ते काम. ही दोन मिनिटं तो आमच्या कपाटाच्या आरशासमोर घासून घासून तयार करायचा. आजी तिथेच भाजी निवडत बसलेली असायची. आरशाशी बोलून कंटाळला की तो तिलाच डॉक्टर करायचा, इंग्रजीचं मराठी करून लोहाच्या नव्या टॉनिकचं वर्णन ऐकवायचा. आजी हातातली जुडी बाजूला ठेवून अगदी जीव लावून ऐकायची. थकवा जातो? भूक लागते? गुडघ्यांना चालेल का रे? आणि शेवटी म्हणायची, “मग लिहून दे की मला!” मामा खो खो हसायचा. जिल्ह्यातल्या कुठल्याही डॉक्टरने त्याचं इतकं ऐकून घेतलं नसेल.

संध्याकाळी तो मला घेऊन स्टँडजवळच्या पीसीओवर जायचा. पिवळी पाटी, काळी अक्षरं, आत एक माणूस जेमतेम मावेल एवढं काचेचं खोपट आणि वर लाल आकडे पळवणारं मीटर. पहिला फोन एरिया मॅनेजरला. “येस सर, नक्की सर, पार्टी पॉझिटिव्ह आहे सर, महिनाअखेर टार्गेट होतंय सर.” काचेबाहेरून मला शब्द कमी ऐकू यायचे, पण मामाची टाच प्रत्येक ‘सर’बरोबर किंचित उचलली जायची ते दिसायचं. मग तो रिसीव्हर ठेवायचा. टायची गाठ दोन बोटांनी खाली ओढायचा, वरचं बटण उघडायचा आणि दुसरा नंबर फिरवायचा. हा मामीला. “जेवलीस का? पोरं झोपली?” या आवाजाला टाच नव्हती, कणाही नव्हता; ओली माती पडते तसा तो पडायचा. माझ्या बालबुद्धीला तेव्हा वाटायचं की पहिला मामा खोटा आणि दुसरा खरा. आता वाटतं, दोन्ही फोनांच्या मध्ये, नुसत्या घरघरणाऱ्या पंख्याखाली टायला हात घालून उभा राहायचा तो कुठला मामा होता? त्याचा आवाज मी कधी ऐकलाच नाही.

चित्रपटात एक प्रसंग आहे, मूळ नाटकात नसलेला. मॅमेटनी तो पडद्यासाठी नव्याने लिहिला. वरच्या ऑफिसातून एक माणूस येतो. ॲलेक बाल्डविन. देखणा, इस्त्रीचा, हातातलं घड्याळ दाखवून समोरच्याच्या गाडीपेक्षा ते महाग आहे असं ऐकवणारा. नाव विचारलं तर सांगत नाही. तो स्पर्धा जाहीर करतो. महिन्यात पहिला येईल त्याला कॅडिलॅक एल्डोराडो, दुसऱ्याला मांस कापायच्या सुऱ्यांचा संच, तिसऱ्याला नारळ. एवढ्या एका प्रसंगावर जगभरच्या सेल्सच्या पोरांनी जीव टाकला आहे. ते भाषण पाठ करतात, ट्रेनिंगमध्ये दाखवतात, त्यातलं जहर बाजूला काढून उरलेलं टॉनिक म्हणून पितात. (आणि गंमत बघा, चौघांतला सगळ्यात यशस्वी सेल्समन, रिकी रोमा, हे भाषण ऐकायला ऑफिसात नसतोच. तो समोरच्या बारमध्ये कामाला लागलेला असतो.)

मला त्या भाषणातलं फारसं काही आठवत नाही. कॉफी आठवते. लेव्हीन मागे जाऊन स्वतःसाठी कॉफी ओतायला लागतो, म्हातारा माणूस, पावसाळी रात्र, हात आपोआप गेलेला. आणि तो बाल्डविन त्याला ती खाली ठेवायला लावतो, सौदे पक्के करणाऱ्यांसाठीच आहे म्हणतो. लेव्हीनला आधी ती थट्टा वाटते. चेहऱ्यावर अर्धं हसू तसंच राहतं, डोळे इतरांकडे जातात, कुणीतरी हसेल म्हणून वाट बघतात. कुणी हसत नाही. हात खाली येतो. आपल्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही चहा विचारतात, भांडण चहा झाल्यावर. म्हणून असेल, पण मला नोकरी जाण्याच्या धमकीपेक्षा तो खाली येणारा हात जास्त लागतो. त्याच रात्री पुढे तो भर पावसात एका घराचं दार वाजवतो, गोड बोलत आत शिरतो, बसतो, आणि घरधनी सभ्यपणे, अगदी सभ्यपणे, त्याला दाराकडे सरकवत नेतो. त्या बिचाऱ्याचंही काही चुकत नाही. आपणही हेच करतो, “आत्ता नको” म्हणतो, दार लावतो, आणि पाठ वळवल्यावर दोन क्षण उगाच दाराकडे कान देऊन उभे राहतो.

विकायचं काय आहे, तर नावं. ग्लेनगॅरी हायलँड्स आणि ग्लेन रॉस फार्म्स ही त्या जमिनींची नावं. त्यांचंच शीर्षक झालं. ग्लेनगॅरी हे खरं तर स्कॉटलंडच्या डोंगरातलं, धुक्यातलं, पाणथळ हिरवाईतलं नाव, आणि नाटकातली ही ‘हायलँड्स’ आहेत फ्लोरिडात, जिथली जमीन तव्यासारखी सपाट! फ्लोरिडाला याची सवयच आहे. १९२०च्या दशकात तिथल्या दलदलीचे तुकडे नकाशावर बागा-बंगले काढून विकले गेले होते, काही तर पाण्याखालचे. घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी ती माती पायाखाली घेतलीच नाही. त्यांनी नाव घेतलं. हप्ते भरत, थंड शहरातल्या भाड्याच्या घरात राहत, ते मनातल्या मनात त्या नावाच्या गावात फिरून येत असतील.

आपल्या हायवेवरून जाताना मला हे हमखास आठवतं. उघडाबोडका माळ, त्यावर एक भलामोठा फलक, आणि फलकावर ‘व्हॅली’, ‘लेक’, ‘मेडोज’ यांतलं काहीतरी. लेक मार्चमध्ये आटतं. कलेक्टर एनए, क्लिअर टायटल, स्वतंत्र सातबारा, मुंबईपासून अवघ्या अमुक तासांवर. चित्रातलं जोडपं पांढऱ्या कपड्यांत व्हरांड्यात चहा घेत बसलेलं, मागे आंब्याचं झाड आणि आंब्यामागे ज्या रंगाचा डोंगर कोकणात कधी कुणी पाहिला नाही तशा रंगाचा डोंगर. मला त्या चित्राचा राग येत नाही. गाडी पुढे निघून गेल्यावरही मी थोडा वेळ त्या व्हरांड्यात असते.

रोमा हेच जाणतो. अल पचिनोंचा रोमा त्या लाल उजेडात एका अनोळखी माणसाशेजारी बसून बोलत राहतो, भीतीबद्दल, पापाबद्दल, आयुष्यातलं नेमकं काय लक्षात राहतं याबद्दल, सैल, रेंगाळत, जणू त्याला जगात कुठेच जायचं नाही. समोर लिंक. जोनाथन प्राइसनी तो असा उभा केला आहे की त्याच्याकडे बघताना आपल्यालाच कानकोंडं होतं. ओलसर डोळे, अर्धवट उघडे ओठ, आणि कुणीतरी आपल्याशी इतकं आतलं बोलतंय या नवलाने जागच्या जागी विरघळत चाललेला देह. जमिनीचा उल्लेखही नाही. तो अगदी शेवटी येतो, खिशातून निघालेल्या माहितीपत्रकाबरोबर, जणू सहज, जणू आता आठवलं म्हणून. सकाळी लिंक ऑफिसात येतो. बायकोने पाठवलंय. पैसे परत हवेत, तीन दिवसांत रद्द करता येतं असं तिने शोधून काढलंय. ही बायको आपल्याला दिसत नाही. या चित्रपटात बायका जवळपास नाहीतच. पुरुष बाहेर बोलून बोलून फेस आणतात आणि निर्णय कुठल्यातरी न दिसणाऱ्या स्वयंपाकघरात होतात. ती रागीट असेल, व्यवहारी असेल, रात्रभर जागून तिने सहीचा कागद वाचला असेल. मला ती आवडते. पण लिंक? तो रोमाची क्षमा मागतो. फसवला गेलेला माणूस जाता जाता फसवणाऱ्याची माफी मागतो, तुम्हाला निराश केलं म्हणून. त्याने जमीन परत केली असेल, पण आदल्या रात्री कुणीतरी आपल्याला मित्र मानलं होतं, ते परत करणं त्याला जड जातंय.

आणि ती बावीस मिनिटं.

सकाळी, फुटलेल्या ऑफिसात पोलिसांची चौकशी चाललेली असताना लेव्हीन आरोळ्या ठोकत येतो. भवानी झाली! साधीसुधी नव्हे, आठ प्लॉट, ८२ हजार डॉलर, एकाच घरात. ब्रूस आणि हॅरिएट नायबोर्ग. ऐकायला कुणाला सवड नाही. रोमा तेवढा बसतो, खुर्ची वळवून, जुन्या उस्तादाची चीज ऐकायला बसावं तसा. आणि लेव्हीन सांगतो. त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो. हॅरिएटने केक दिला, विकतचा. बोलायचं होतं तेवढं बोललो, मग पेन पुढे धरलं आणि गप्प बसलो. भिंतीवरच्या घड्याळाने बावीस मिनिटं. एक शब्द नाही, हालचाल नाही. आणि मग ती दोघं एकदम, न ठरवता, आतून सैल झाली, त्याने पेन घेतलं, सही केली, तिच्याकडे दिलं. मग तिने छोटे पेले काढले. तेही मुकाट्यानेच प्यायलो.

हे सांगताना लेमन काय करतात ते सांगणं कठीण आहे. आवाज जवळजवळ कुजबुजीवर येतो. सगळा चित्रपटभर जो माणूस शांततेला भितो, प्रत्येक भोक शब्दांनी बुजवत सुटतो, त्याला आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा गप्प बसून मिळालेला असतो, आणि त्या गप्प बसण्याची आठवण तो दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून दाखवतो आहे. मी हा भाग पुन्हा पुन्हा बघते. टेबल, केकचा चुरा, चहूबाजूंनी आलेलं ओझं, टिकटिक. तीन माणसं एकमेकांकडे बघत बसलेली.

कारण पुढे आपल्याला कळतं ते असं. नायबोर्ग पती-पत्नीचा चेक वटण्यातला नाही. त्यांच्याकडे पैसाच नाही, डोकंही ठिकाणावर नाही. विल्यमसनला हे आधीपासून माहीत असतं. त्या दोघांना फक्त सेल्समन लोकांशी बोलायला आवडतं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ही क्रूर चपराक वाटली होती. आता त्या वाक्यापाशी आले की मी त्या स्वयंपाकघरात परत जाते, आणि तिथलं काहीच खोटं वाटत नाही. दार वाजतं, टाय लावलेला एक माणूस आत येतो, नावाने हाक मारतो, तुमच्या पुढच्या आयुष्याबद्दल आस्थेने बोलतो, आणि मुख्य म्हणजे लवकर जात नाही. हॅरिएट केक आणून ठेवते. पावसातून ढकलून दिलेल्या म्हाताऱ्याला इथे बसायला खुर्ची मिळते, तोंडाकडे बघत राहणारे चार डोळे मिळतात. बावीस मिनिटं त्याला कुणी ऊठ म्हणत नाही. आमच्या आजीकडेही टॉनिकचे पैसे नव्हतेच.

त्या आनंदाच्या भरात लेव्हीन चुकतो. रोमाला वाचवायला तो आधी लिंकसमोर अमेरिकन एक्सप्रेसचा बडा साहेब होऊन एक झकास नाटक वठवतो, दोघे एका इशाऱ्यावर एकमेकांचे सूर उचलतात, म्हाताऱ्याच्या अंगात जुनं वारं संचारतं. विल्यमसन मध्येच तोंड घालून, चेक बँकेत गेला असं सांगून, ते सगळं मोडतो. लेव्हीन चिडून त्याला झोडपतो, थाप मारायचीच तर उपयोगाची मार म्हणतो. थाप? ती थाप आहे हे तुला कसं कळलं? कागद टेबलावरच राहिला होता, हे रात्री ऑफिसात शिरलेल्यालाच माहीत असणार. लीड चोरणारा सापडतो. मग पुढची काही मिनिटं लेव्हीन विकायला लागतो, शेवटचं. कमिशनमधला वाटा देतो, रोख देतो, आवाज एकेक पायरी उतरत जातो, अजिजी, लाडीगोडी, आणि अखेरीस मुलीचं नाव. मला त्या क्षणी पीसीओचं मीटर दिसतं, लाल आकडे पळणारं. पहिला फोन संपला आहे, दुसरा लागत नाही. विल्यमसनला कारण विचारलं तर तो म्हणतो, तू मला आवडत नाहीस. त्याच्या आवाजात काहीच चढत नाही, काहीच उतरत नाही.

रोमाला हे काही माहीत नाही. तो लेव्हीनला जेवायला बोलावतो आहे, आपण दोघं मिळून काम करू म्हणतो आहे, ते मनापासून की तोही एक सौदा, हे पचिनोंच्या डोळ्यांवरून मला आजवर ठरवता आलेलं नाही. वीस वर्षांनी, २०१२ मध्ये, ब्रॉडवेवर हे नाटक पुन्हा आलं तेव्हा पचिनो त्यात होते. रोमा नव्हे, लेव्हीन म्हणून. तो प्रयोग मी पाहिलेला नाही. पण त्यांनी रोज संध्याकाळी त्या टेबलाशी बसून दुसऱ्या कुठल्या तरुण रोमाला बावीस मिनिटांची गोष्ट सांगितली असेल, आणि तो ऐकत असताना त्यांना समोर कोण दिसत असेल?

परवा दुपारी फोन आला. एनए प्लॉटच्या स्कीमचा. असे फोन मी तोडते, सगळेच तोडतात. त्या दिवशी नाही तोडला. मुलगी विदर्भाकडची असावी, हेल लपवत होती, वाक्यं पाठ होती आणि पाठ वाक्यांच्या शेवटी श्वास घेत होती. लेक व्ह्यू आहे मॅडम. क्लबहाउस आहे. वीकेंडला साइट व्हिजिट करा, गाडी पाठवतो आम्ही. मी हूं हूं करत राहिले. मागे बरेच आवाज होते, तीसचाळीस जणी एकाच वेळी तोच तलाव विकत होत्या. तिची वाक्यं संपली. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही, आणि बराच वेळ फक्त तो मागचा कालवा ऐकू येत राहिला. मग मी सांगितलं, मला प्लॉट घ्यायचा नाहीये गं.

“माहितेय मॅडम,” ती म्हणाली. हेल आता लपवलेला नव्हता. “पण तुम्ही ऐकून तरी घेतलं ना. दोन नंबर द्या ना मॅडम, ओळखीतले कोणाचेही. आजचे माझे कमी पडून राहिलेत.”

मी फोन कानाला तसाच धरून, ओळखीतलं कोण कोण दुपारचं घरी एकटं असतं ते आठवायला लागले.